तेर ते सोलापूर: जुनी व्यापारी वाट नकाशावर कशी शोधावी

दोन प्रसिद्ध गावं सरळ रेषेनं जोडून जुनी वाट सापडत नाही. आधी बैलाचा विचार करा. धान्य, मीठ असा जड माल पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांवरून जाई. एका बैलावर साधारण दीड क्विंटल.

एका दिवसाची मजल किती? पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे पैठणहून दहा दिवसांवर सांगितलं आहे. सरळ अंतर सुमारे १५० किमी, म्हणजे दिवसाला १५. बैलाची चाल पुढेही तीच राहिली. भरल्या लमाण तांड्यासाठी मात्र १० किमीच धरा.

१:५०,०००चा नकाशा घ्या. त्यावर १५ किमी म्हणजे ३० सेंमी दोरा. तेर ते सोलापूर सरळ ७५ किमीच्या आसपास, तेव्हा पाच-सहा मुक्काम शोधायचे. दोरा काळ्या रानातून नेऊ नका, पावसात तिथे बैल रुततात. मुरमाड माळ धरा, तुळजापूरजवळ बालाघाटाची कड उतरायला सोपी जागा पाहा, मग प्रत्येक मुक्कामाला बारव किंवा बारमाही झरा आहे का ते तपासा. पाणी नसेल तर मुक्काम चुकला.

मग शिलालेख. ‘सुंक’ म्हणजे जकात. ‘अय्यावोळे ऐनूर्वरु’ किंवा ‘नानादेशी’ असं कन्नडात दिसलं तर मोठ्या व्यापारी संघाचा वावर तिथे होता. हा पुरावा सगळ्यात मोलाचा. लेखातल्या शकाचा इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा मराठी लेख शके ९४०चा, म्हणजे १०१८–१९. संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, पडताळायला शकात १२ मिळवून ६०नं भागा: ९५२ची बाकी ५२, म्हणजे चक्रातलं बावन्नावं, कालयुक्त. बाकी जुळली नाही तर आकडा पुन्हा वाचा, झिजलेल्या दगडावर तोच आधी चुकतो. अक्षरं उठावीत म्हणून खडू, तेल, रंग कधीच लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या.

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, दिसला की व्यापारी वाट, असं नाही. खाली गाई कोरल्या असतील तर तो गुरं राखताना पडलेल्या वीराचा. भीमेकाठची वाट शोधत असाल तर १९८०च्या आधीचा नकाशाच लागेल, कारण कितीतरी जुनी गावं उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली आहेत.