ट्रायकोमोनियासिस: औषध घेऊनही परत का होतो, आणि काय करावे

अंगावरून जाणे, खाज, लघवीला जळजळ अशी तक्रार असली की बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग समजून मलम किंवा योनीत ठेवायच्या गोळ्या सुरू होतात. आठवडा जातो, फरक पडत नाही. अशा वेळी ट्रायकोमोनियासिसची शंका घ्यायला हवी. ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस हा एकपेशीय परजीवी याला कारणीभूत असतो. हा बुरशी नसल्यामुळे क्लोट्रिमॅझोलसारखी बुरशीची औषधे त्यावर चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात १५ ते ४९ वयोगटात याची सुमारे १५ कोटी ६० लाख नवी प्रकरणे होती. म्हणजे आजार दुर्मीळ नाही, फक्त त्याचे नाव फारसे कोणी काढत नाही.

लागण मुख्यतः लैंगिक संबंधातून होते. या परजीवीला कवचबंद अवस्था नसते, त्यामुळे कोरड्या जागी तो तग धरत नाही. शौचालयाच्या सीटला दोष देण्यात सहसा अर्थ नसतो.

त्रास सुरू झालाच तर साधारण ५ ते २८ दिवसांत होतो. पण बहुसंख्य लोकांना, विशेषतः पुरुषांना, काहीच जाणवत नाही, आणि संसर्ग महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो. त्यामुळे आज निदान झाले म्हणून जोडीदाराने नुकतीच फसवणूक केली, असा निष्कर्ष काढू नका. लागण कधी झाली हे तपासणीतून कळत नाही.

स्त्रियांमध्ये पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ स्राव, माशासारखा वास, योनीमुखाशी लाली व आग, संबंधाच्या वेळी दुखणे ही लक्षणे दिसतात. पुरुषांना झालेच तर लघवी करताना किंवा वीर्यपतनानंतर जळजळ होते, थोडा स्राव येतो. मात्र रंग आणि वास यांवरून घरी निदान करू नये. जिवाणूंच्या असंतुलनातही माशासारखा वास येतो. दोन्हींत योनीचा पीएच (आम्लतेचे माप) ४.५ च्या वर जातो, म्हणून नुसती पीएच पट्टीही पुरेशी नाही.

तपासणीत खरी मेख आहे. योनीस्रावाचा थेंब सलाईनमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की परजीवी शेपट्या हलवत झटके देत फिरताना दिसतो. ओळख त्या हालचालीवरच होते. नमुना थंड पडला किंवा पडून राहिला की हालचाल मंदावते आणि तो पांढऱ्या पेशींत हरवतो. म्हणून स्लाइड दहा-पंधरा मिनिटांत पाहायला हवी. तरीही ही तपासणी बरीच प्रकरणे चुकवते. ‘निगेटिव्ह’ आली पण त्रास कायम असेल, तर नॅट किंवा पीसीआर तपासणी (परजीवीचे जनुकीय अंश शोधणारी) करता येईल का ते विचारा. तपासणीला जाण्याआधी योनीमार्ग आतून धुऊ नका, मलम लावू नका. सोबतच एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया व क्लॅमिडियाची तपासणीही करून घ्यावी, कारण हे संसर्ग अनेकदा जोडीने येतात.

उपचार स्वस्त व परिणामकारक आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. स्त्रियांना सहसा मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. पुरुषांना २ ग्रॅमचा एकच डोस दिला जातो. टिनिडॅझोल २ ग्रॅम हा पर्याय आहे. योनीत लावायचे मेट्रोनिडॅझोल जेल इथे कमी पडते, कारण परजीवी मूत्रमार्गात आणि आजूबाजूच्या ग्रंथींतही दडलेला असतो. तिथपर्यंत औषध पोचायला ते पोटातूनच जावे लागते. तोंडाला धातूसारखी चव येणे, मळमळ हे नेहमीचे दुष्परिणाम. गोळी जेवणानंतर घेतली की सुसह्य होते. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दोन दिवसांत बरे वाटले तरी गोळ्या सोडू नका.

गरोदरपणात हा संसर्ग मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाच्या बाळाशी जोडला गेला आहे. लक्षणे असतील तर लाजून थांबू नये. मेट्रोनिडॅझोल गरोदरपणातही दिले जाते.

परत होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जोडीदार. त्याला त्रास नसतो, म्हणून तो गोळ्या घेत नाही, आणि पहिल्याच संबंधात संसर्ग परतू शकतो. शरीरात टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होत नाही. तेव्हा दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे, आणि दोघांचाही उपचार संपून लक्षणे जाईपर्यंत संबंध टाळावेत. एकच डोस घेतला असेल तर त्यानंतर सात दिवस. पुढे कंडोममुळे धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

स्त्रियांनी तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करावी. नॅट मात्र उपचारानंतर तीन आठवडे होण्याआधी करू नये. मेलेल्या परजीवींचे अवशेष सापडून अहवाल खोटा ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. दोघांनी नीट औषध घेऊन, मध्ये संबंध टाळूनही त्रास राहिला, तर औषधाला दाद न देणारा परजीवी असू शकतो. तोच कोर्स मनाने पुन्हा सुरू करू नका. डोस किती वाढवायचा, किती दिवस द्यायचा हे डॉक्टर ठरवतील.