बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव : कोरिओकार्सिनोमा कसा ओळखावा, उपचार कसे घ्यावेत

बाळंतपण माहेरी आणि पुढची वर्षे सासरी, ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातली जुनी रीत आहे. त्यामुळे चंदगडला बाळंत झालेली स्त्री खानापूर किंवा निपाणीच्या दवाखान्यात जाते, तेव्हा डॉक्टरांपुढे अर्धीच हकीकत येते. म्हणून प्रसूतीचा कागद, ताई कार्ड (कर्नाटकात गरोदर स्त्रीला मिळणारे माता-आरोग्य कार्ड) आणि सोनोग्राफीचे अहवाल एकाच पिशवीत ठेवावेत आणि बाळंतपणाची तारीख आपणहून सांगावी.

कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींतून उद्भवणारा दुर्मिळ कर्करोग आहे. द्राक्षगर्भानंतर (वारेत द्राक्षांसारखे फोड वाढणारी सदोष गर्भधारणा) तो अधिक आढळतो. पण सुखरूप प्रसूतीनंतरही तो होतो, आणि तेव्हाच तो अनेकदा नजरेआड राहतो. सहा आठवड्यांनंतरही अंगावरून रक्त जात असेल, किंवा खोकल्यातून रक्त, दम, तीव्र डोकेदुखी, झटके असे काही सुरू झाले असेल, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून थांबू नये.

पहिली तपासणी साधी आहे : रक्तातील बीटा-एचसीजी, म्हणजे गर्भारपणात वारेत तयार होणारे संप्रेरक. प्रसूतीनंतर हे संप्रेरक काही आठवड्यांत नाहीसे व्हायला हवे. ते टिकून असेल किंवा वाढत असेल, तर आधी नवी गर्भधारणा नाही याची सोनोग्राफीने खात्री करतात, मग छाती, पोट आणि गरजेनुसार मेंदूची तपासणी करतात. योनीत निळसर गाठ दिसली तरी तिचा तुकडा काढण्याची घाई करू नये, कारण तिथून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. गर्भपिशवी पुनःपुन्हा साफ करून घेणे हाही उपाय नव्हे.

आजार किती धोक्याचा आहे हे डॉक्टर गुण देऊन मोजतात आणि उपचार या गुणांकनावर ठरतात. सहापर्यंत गुण असल्यास मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅक्टिनोमायसिन-डी यांपैकी एक औषध बहुधा पुरते. सात किंवा अधिक असल्यास अनेक औषधांची केमोथेरपी लागते. प्रसूतीला चार महिने उलटले की गुण वाढू लागतात, म्हणून उशीर टाळण्याचा आग्रह इतका. मेंदू किंवा यकृतापर्यंत आजार गेला असेल, तर अनुभवी कर्करोग केंद्रातच जावे. हा आजार केमोथेरपीला उत्तम दाद देतो, पसरलेला असतानाही अनेक जणी पूर्ण बऱ्या होतात आणि गर्भाशय बहुधा वाचते. हे घरच्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगावे.

केमोथेरपी चालू असताना अंगावर पाजणे बंद ठेवावे लागते. एचसीजी सामान्य झाल्यावरही काही फेऱ्या घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या सोडू नयेत. एचसीजीची तपासणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करावी आणि उपचारानंतर किमान वर्षभर गर्भधारणा टाळावी. पुढच्या बाळंतपणात वार पॅथॉलॉजी तपासणीस पाठवायला सांगावे आणि सहा आठवड्यांनी एचसीजी पुन्हा पाहावे.