इंजिनवाली सायकल: फ्रेमचं माप कसं जमवलं

सायकलला इंजिन बसवायचं होतं आणि तिला 1910 च्या सुमाराच्या रेसिंग मोटरसायकलींचा थाट हवा होता: लांब, बसकी चौकट आणि मागे वळलेलं हँडल. आपली दूधवाल्याची 28 इंची चाकांची सायकल दिसायला त्याच घराण्यातली. पण 24 इंच उंचीच्या फ्रेमवर सीट फार उंच जाते, ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला पाय कुठे टेकणार? म्हणून जुनी 22 इंची फ्रेमची घेतली.

इंजिनचं आधी बघा. 25 सीसीपर्यंतची दुचाकी कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही, आणि असं इंजिन ज्यातून काढतात त्या गवत कापायच्या कितीतरी मशीनवर 25.4 लिहिलेलं असतं! प्लेट वाचून मगच पैसे द्या.

खरी गोची रुंदीची. पुठ्ठ्याचं इंजिन कापून फ्रेमच्या त्रिकोणात धरलं. उंचीला छान बसलं, पण इंजिनच्या क्लचचं कव्हर उजव्या क्रँकला, म्हणजे पायडल ज्यावर असतं त्या हाताला, घासणार हे दिसलं. वागळे इस्टेटमधला वेल्डर म्हणाला, "फ्रेमचा दांडा कापून वाकवू." मी नको म्हटलं, जोडाजवळ पाइप तापवणं मला पटत नाही. त्याऐवजी बॉटम ब्रॅकेटला (फ्रेमच्या तळाशी क्रँकचा ॲक्सल फिरतो ती जागा) लांब ॲक्सल घातला, क्रँक ॲक्सलला घट्ट धरणाऱ्या कॉटर पिना नव्या ठोकल्या. चेन तिरकी झाली, तेवढ्यासाठी फ्रीव्हीलमागे (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीमागे) स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी चकती. आता कव्हर आणि क्रँकमध्ये बोटभर फट आहे.

सळ्यांनी ओढला जाणारा जुना रॉड ब्रेक मात्र पावसात कुचकामी, तो बदलायचाय.