मोंढ्यातली पोती लिनोवर आणताना

छापचित्रासाठी विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांना मी थेट मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जायला सांगते. आमच्या परभणीत सोयाबीनची आवक सुरू झाली की तिथं पोत्यांच्या थप्प्या, वजनकाटे आणि हमालांची ये-जा, डोळे पुरत नाहीत इतकं असतं. तुमच्या गावात मोंढा नसेल तर एसटी स्टँड आहे, टँकरपुढं लागलेल्या घागरी आहेत, कडब्याची गंजी आहे.

सोबत पेन्सिल नेऊ नका, जाड काळा मार्कर न्या. पेन्सिलीनं करड्या छटा येतात आणि एका रंगाच्या लिनोकटात, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून उरलेल्या भागावर शाई लावून घेतलेल्या छापात, करडं नसतंच. जे कोरलं ते पांढरं, जे ठेवलं ते काळं. म्हणून काहीही बघताना मनात एकच हिशेब चालू ठेवायचा: यातलं कोरून टाकू काय आणि ठेवू काय?

भर दुपारी पोतं घेऊन चाललेला हमाल बघा. वरून ऊन, त्यामुळं चेहरा पोत्याच्या सावलीत गेलेला. उजेड फक्त पोत्याच्या वरच्या कडेवर, कोपरावर आणि हातातल्या हूकच्या वळणावर. चेहरा काढायच्या फंदात पडू नका, ती सावली तशीच काळी राहू द्या. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोकट केलं, ते जरूर पाहा. काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी, आणि माणूस चालतोय हे लगेच कळतं.

आधी विचारा मात्र. "मामा, तुमचं चित्र काढू का?" म्हटलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात. काढलेलं त्यांना दाखवा. पोत्याचा भार नुसत्या खांद्यावर नसतो, मानेखाली पाठीवर बसतो, हे मला अशाच एका मामांनी उभं राहून दाखवलं. त्यानंतर माझ्या चित्रांत वजन आलं.

घरी आल्यावर चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं उतरवा, पालथं घालून लिनोवर घासा. ते उलटं उमटतं, म्हणून छापताना सुलटं येतं. पोत्यावरच्या मार्क्याची अक्षरं असतील तर हे विसरून चालत नाही. लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, कोरायचं हत्यार सहज चालतं. हत्यार नेहमी स्वतःपासून दूर ढकलायचं आणि दुसरा हात कधीच त्याच्या पुढं ठेवायचा नाही.

शाई तेलाची घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याची शाई रोलर फिरवेपर्यंत ती पसरायच्या काचेवरच वाळते. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्याकडं ऑफसेटची काळी शाई मिळते. छापायचं मशीन नसलं तरी अडत नाही. पातळ कागद ठेवून मोठ्या चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडं दाबत घासा.

बारदानाचा पोत हवा असेल तर तो कोरत बसू नका. बारदानाचा तुकडाच पुठ्ठ्यावर चिकटवा, वरून पातळ फेव्हिकॉलचा हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि त्यावर शाई लावून छापा. वीण धाग्या-धाग्यासकट उमटते.