सैनिकाच्या घरचं रिटर्न भरताना या चुका टाळा

सैनिक टाकळीपासून चंदगडच्या वाड्यांपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात लष्करी पेन्शन येणारी घरं गावोगाव आहेत. पण या घरांना कायद्याने दिलेली करसवलत बऱ्याचदा मागितलीच जात नाही. त्यात वीरपत्नींचं होणारं नुकसान मला सगळ्यात जास्त खटकतं.

कुटुंब निवृत्तिवेतन सरसकट करपात्र धरणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. सैनिकाला ऑपरेशनल ड्युटीवर मरण आलं असेल, तर पत्नीला किंवा मुलांना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन प्राप्तिकर कायद्याच्या कलम 10(19) प्रमाणे पूर्ण करमुक्त आहे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या निमलष्करी दलांनाही हे लागू होतं. ऑपरेशनल म्हणजे फक्त युद्ध, असा समज मात्र पक्का बसलाय. कोणतं काम ऑपरेशनल हे सांगणाऱ्या प्राप्तिकर नियम 2बीबीए मध्ये अतिरेक्यांचा हल्ला आहे, सीमेवरची चकमक आहे, सुरुंगाचा स्फोट आहे, परदेशातली शांतिसेना आहे, आणि नैसर्गिक आपत्तीतलं बचावकार्यसुद्धा आहे. 2019 च्या महापुरात शिरोळ भागात जवानांनी बोटींतून माणसं काढली, तसलं काम. मृत्यू अशा कारणाने झाल्याचा दलाचा दाखला मात्र लागतो. तो फाइलीत नसेल तर सैनिकाच्या सेवेची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. पत्रव्यवहारासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

ही सूट बसत नसेल, तर कुटुंब निवृत्तिवेतन 'पगार' या रकान्यात टाकू नका. ते 'इतर उत्पन्न' आहे. त्यावर नव्या करपद्धतीत पगाराला मिळणारी 75,000 ची प्रमाणित वजावट मिळत नाही. निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश किंवा 25,000 (जुन्या करपद्धतीत 15,000) यांतली कमी असेल ती रक्कम वजा होते. स्वतः निवृत्त झालेल्या सैनिकाचं पेन्शन मात्र पगारातच येतं.

परमवीर, महावीर, वीर चक्र विजेत्यांचं अख्खं पेन्शन कलम 10(18) खाली माफ आहे, फक्त शौर्य भत्ता नव्हे.

अग्निवीर मुलाच्या रिटर्नमध्ये कलम 80सीसीएच ची वजावट विसरू नका. सेवा निधीत कापलेली त्याची रक्कम आणि सरकारने घातलेला तेवढाच वाटा, दोन्ही वजा होतात, नव्या पद्धतीतही. राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलेल्या देणगीची 100 टक्के वजावट मात्र जुन्याच पद्धतीत मिळते, आणि 2,000 च्या वर रोख दिली असेल तर मिळत नाही.

1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने पुढच्या वर्षांसाठी कलमांचे आकडे बदलतात. 2025-26 च्या उत्पन्नाला वरचेच आकडे चालतील.

करमुक्त पेन्शनवर मागच्या वर्षांत टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापला जाणारा कर) कापला गेला आणि रिटर्न भरायचंच राहिलं असेल, तर हक्क सोडू नका. कलम 119(2)(बी) खाली विलंबमाफीचा अर्ज करून परतावा मागता येतो. त्याची मुदत कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून 5 वर्षं आहे.