वाचनालयाच्या दारात पोतं टेकवण्याआधी : या चुका टाळा

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या वाचनालयाच्या दारात पोती यायला लागतात. घरोघरी साफसफाई निघालेली असते, माळा रिकामा करायचा असतो आणि पुस्तकं रद्दीवाल्याला द्यायला मन धजत नाही. मग रिक्षात टाकून ती इकडे. मागे अशाच एका तांदळाच्या पोत्यातून काय काय निघालं ते सांगतो. अकरावीची तीन गाइडं, कुठल्याशा पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या सात प्रती, बांधणी सुटून अर्धाच उरलेला शब्दकोश, अठरा जुने दिवाळी अंक, आणि तळाशी एक कादंबरी. तिच्या पानाला बोट लावलं की भुगा पडायचा. वाळवी आमच्या कपाटात शिरली नाही हे नशीब. आणून देणाऱ्या काकांनी फोटो काढायला लावला आणि आम्हीही हसून उभे राहिलो.

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी पंधरा-सोळा वर्षं आहे. मदतीला येणाऱ्यांच्या मनात खोट नसते, पण मदत बहुतेक वेळा देणाऱ्याच्या सोयीची असते. आणि आत बसलेले आम्ही चुका करण्यात बाहेरच्यांपेक्षा कमी नाही. दोन्हीकडच्या चुका इथे सांगतो, बऱ्याचशा स्वतः केलेल्या.

चूक पहिली : पुस्तकं दिली की मदत झाली

पुस्तक फुकट मिळालं तरी फुकटात कपाटात जात नाही. आमच्या ग्रंथपाल बाई आधी ते दाखल नोंदवहीत चढवतात. क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत. मग ठरलेल्या पानांवर संस्थेचा शिक्का, मग वर्गांक म्हणजे विषयाचा क्रमांक, पाठीवर लेबल, शेवटच्या पानावर देवघेवीच्या तारखेचे शिक्के मारायची तारीखपट्टी. नीट करायचं तर एका पुस्तकाला दहा-पंधरा मिनिटं जातात. शंभर पुस्तकांचं पोतं म्हणजे बाईंचे तीन-चार दिवस गेले, तेही देवघेवीच्या खिडकीवर कुणी आलंच नाही असं धरून. आणि एकदा नोंदवहीत चढलेलं पुस्तक असंच उचलून टाकता येत नाही. बाद करायचं तर यादी करा, कार्यकारिणीचा ठराव करा, तपासणीला आलेल्या साहेबांना उत्तर द्या. म्हणून नको असलेलं पुस्तक न घेणं हे घेऊन मग बाद करण्यापेक्षा दसपट सोपं.

उपाय साधा आहे. देण्याआधी एक फोन करा, किंवा एकदा आत येऊन तारीखपट्ट्या बघा. एखाद्या पुस्तकाच्या पट्टीवर शेवटचा शिक्का 2004 सालचा असतो. शेजारच्याच पुस्तकात पट्टीवर पट्टी चिकटवलेली असते, तिसरी पट्टीही भरत आलेली. आमच्याकडे त्या दुसऱ्या जातीत मुलांची गोष्टींची पुस्तकं, आत्मचरित्रं, रहस्यकथांचे अनुवाद आणि शेतीवरची मोजकी पुस्तकं येतात. तुमच्या गावात चित्र वेगळं असेल. पट्टी बघून जे दिसेल ते नवीन विकत घेऊन द्या, किंवा एखाद्या मासिकाची दोन वर्षांची वर्गणी भरा. मासिकाचं मोल आम्हाला फार, कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते.

वाचनालय चालवणाऱ्यांनी 'नको' म्हणायला शिकावं. आम्ही एक छापील कागद केला आहे : दिलेली पुस्तकं ठेवायची, दुसऱ्या संस्थेला द्यायची की रद्दीत घालायची हा निर्णय वाचनालयाचा, वेगळं कपाट आणि नावाची पाटी मिळणार नाही. सही करायची तरच पोतं आत. दोघे-तिघे रुसले. बाकीच्यांना काही वाटलं नाही.

चूक दुसरी : सरकार अनुदान देतं ना, मग आम्ही कशाला?

हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलं आहे, म्हणून जरा हिशोबच मांडतो. राज्यात अकरा हजारांहून जास्त शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. बहुतेक ती सरकारने काढलेली नाहीत. ती आपल्यासारख्या लोकांच्या संस्था आहेत आणि सरकार त्यांना वर्गवारीप्रमाणे अनुदान देतं. वर्ग अ, ब, क, ड. सगळ्यात खालच्या ड वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळायचे. 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा ते 48 हजारांवर गेलं. यातला निम्मा भाग पगारासाठी आणि निम्मा पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं या सगळ्यासाठी. म्हणजे त्या वाढीनंतरसुद्धा ड वर्गातल्या माणसाच्या वाट्याला महिन्याला 2 हजार रुपये. वाढीआधी साडेबाराशे. रोज कुलूप उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा हा पगार. 'तुमचे ग्रंथपाल जागेवर नसतात' अशी तक्रार करण्याआधी हा आकडा डोक्यात ठेवावा.

अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि हप्ता लांबला की वर्तमानपत्रवाल्याचं बिल थकतं. आमच्या पेपरवाल्याने एकदा पाच महिने थांबून दाखवलं. त्याचं नाव देणगीदारांच्या फलकावर नाही, खरं तर असायला हवं.

याच्या मागे कायद्याची गोष्ट आहे. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. मद्रास प्रांताने 1948 साली कायदा केला तो मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, घेण्याची तरतूद करून. तामिळनाडूत हा उपकर आजही आहे, कर्नाटकातही आहे. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा, पण त्यात उपकर नाही. त्यामुळे आपल्याकडे ग्रंथालयाचं पोट अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर चालतं. उपकर असता तर सगळं सुरळीत झालं असतं असं मी म्हणणार नाही, गोळा झालेला पैसा ग्रंथालयापर्यंत पोहोचवणं हे वेगळंच प्रकरण असतं. पण आमदारांना भेटायला जाणाऱ्या शिष्टमंडळाला हा फरक माहीत असावा.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 च्या सुमारास ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, त्यासाठी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. तिथे गावाने वर्गणी जमवली की तेवढीच भर सरकार आणि पंचायत घालत असे. गावाने आधी हात खिशात घालायचा, ही त्यातली मेख होती.

चूक तिसरी : निवेदन आहे, आकडा नाही

'वाचनसंस्कृती लोप पावत आहे, तरी मायबाप सरकारने लक्ष द्यावे.' अशी निवेदनं मी स्वतः लिहिली आहेत. त्यांचं काय होतं तेही पाहिलं आहे. आता आम्ही एका पानावर लिहितो : सभासद किती, त्यातली मुलं किती, महिन्याला देवघेव किती, अभ्यासिकेत रोज बसणारे किती, छत किती ठिकाणी गळतं आणि दुरुस्तीचा अंदाज किती. सोबत गळक्या कोपऱ्याचा फोटो.

कागद कुठे द्यायचा हेही कळायला हवं. आधी जिल्हा ग्रंथालय अधिकारी, मग विभागाचे सहायक ग्रंथालय संचालक, त्यावर मुंबईतलं ग्रंथालय संचालनालय. हे सगळं उच्च व तंत्र शिक्षण खात्याखाली येतं. शालेय शिक्षण खात्याकडे अर्ज घालून सहा महिने वाट बघत बसलेली मंडळी मला माहीत आहेत. त्यात मीही होतो.

पैशाचे दुसरे दरवाजेही असतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून ग्रंथखरेदी, फर्निचर, इमारत अशा कामांना योजनांतून मदत देतं. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाच्या कामांत 'सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी' स्पष्ट लिहिलेली आहे. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला भेटताना ती ओळ छापून न्या, बऱ्याच जणांना ती माहीत नसते. मात्र त्याआधी पुढची चूक वाचा.

चूक चौथी : कागद जुने

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. एका कंपनीने कपाटं आणि संगणक द्यायची तयारी दाखवली. त्यांनी विश्वस्तांची यादी मागितली. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, सात नावं होती. त्यातले तिघे वारलेले, एक मुलाकडे पुण्याला, आणि आमच्यापैकी एकाचंही नाव नाही. तीन निवडणुका झाल्या होत्या, पण बदल अर्ज कुणी दाखलच केला नव्हता. कायद्याने तो बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. आम्ही विलंब माफीचा अर्ज, जुन्या सभांची इतिवृत्तं, मृत्यूचे दाखले गोळा करत बसलो. कंपनीचं आर्थिक वर्ष संपलं. कपाटं दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

तेव्हा हे तपासा : शेवटचा बदल अर्ज मंजूर आहे का, लेखापरीक्षण अहवाल दरवर्षी दाखल होतो का, प्राप्तिकरातली संस्थेच्या करमाफीची 12ए आणि देणगीदाराला करसवलत देणारी 80जी नोंदणी चालू आहे का, आणि कंपन्यांकडून सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी घ्यायचा तर सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरला आहे का. देणगीदारांनाही एक सांगतो, 2 हजारांपेक्षा जास्त रोख दिलीत तर 80जीची सवलत मिळत नाही. चेक द्या किंवा ऑनलाइन भरा, आणि पावती मागून घ्या.

तुम्ही वकील, सीए किंवा निवृत्त कारकून असाल तर पुस्तकं राहू द्या. महिन्यातून दोन दुपारी येऊन आमच्या फायली लावून द्या. त्याच्याइतकी मोठी देणगी मला दुसरी सुचत नाही.

चूक पाचवी : संगणक आला, आता सगळं ऑनलाइन

दोन हुशार पोरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची सहा हजार पुस्तकं संगणकावर चढवली. फार कौतुक झालं. पण चढवली ती जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये. तो संगणक बसला, नवा आला, आणि यादी उघडली तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. शिवाय एकाच लेखकाची नोंद कुठे 'कुलकर्णी', कुठे 'कुळकर्णी', कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं. शोधायला गेलं की निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत.

म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच करा. नाव लिहायची एक पद्धत ठरवून ती भिंतीवर लावा. सगळ्यात आधी पन्नास पुस्तकं चढवून शोधून बघा आणि मगच पुढे जा. आज्ञावली (सॉफ्टवेअर) विकत घेण्याची घाई नको, केंद्र सरकारच्या एनआयसीची ई-ग्रंथालय आहे, मुक्त स्रोतातली कोहा आहे. आणि दाखल नोंदवही हाताने लिहिणं थांबवू नका.

वेळेबद्दल थोडक्यात. आमचं वाचनालय पूर्वी 11 ते 5 उघडं असायचं. नोकरदार कामावर, मुलं शाळेत, बायका घरात अडकलेल्या, तेव्हा आम्ही उघडे. सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 केलं, बाकी काहीही बदललं नाही, तरी पहिल्याच महिन्यात देवघेवीचं रजिस्टर बाईंना लवकर भरलं म्हणून नवीन आणावं लागलं.

अभ्यासिकेतल्या पोरांना नावं ठेवू नका. 'हे पुस्तक वाचत नाहीत, नुसती एमपीएससी करतात' असं आमचे काही ज्येष्ठ सभासद म्हणतात. ती पोरं फी भरतात, रात्री उशिरापर्यंत वास्तू जागी ठेवतात. फक्त त्यांची खोली वेगळी असावी. एकदा टेबलं वाचन कक्षात सरकली की पेपर वाचायला येणारे आजोबा बाहेरच्या कट्ट्यावर जातात, हे आमच्याकडे झालं आहे.

प्रचार म्हणजे फ्लेक्स, हीसुद्धा आमचीच समजूत होती. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पाहुणे, हार, फोटो, आणि 16 तारखेला सामसूम. आता तो खर्च आम्ही पेट्यांवर करतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची कल्पना अशीच : पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल करायची. आमच्या तीन पेट्या आहेत. एक बचत गटाकडे, एक वाडीतल्या शाळेत, एक एसटी आगारात. आगाराची पेटी सगळ्यात जास्त मळते.

यंदा दिवाळीच्या आधी दारावर कागद लावला : 'आम्हाला हवं आहे. दोन बालमासिकांची वर्गणी, एक शिडी, ट्यूबलाइट चार, शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवणारं कुणीतरी.' पोतीवाले काका नेहमीप्रमाणे रिक्षाने आले, कागद उभ्यानेच दोनदा वाचला. पोतं रिक्षातच राहू दिलं आणि आत येऊन बाईंना म्हणाले, "शनिवारी मी येईन. पण आधी सभासद व्हावं लागेल ना?" बारा वर्षं पुस्तकं आणून देणारे काका सभासदच नव्हते, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाईंनी खणातून अर्ज काढला.