गोगलगायींची अंडी घटली, पण रिठ्यामुळेच का? प्रयोगातल्या या चुका टाळा

गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या भांड्यात रिठ्याचा किंवा लसणाचा अर्क घातला, आठवड्याभरात अंडी निम्म्यावर आली, की वहीत ‘प्रजननावर परिणाम सिद्ध’ असं लिहून मोकळं व्हायचं. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पांत हे सर्रास चालतं. अंडी घटायला अर्कच लागतो असं नाही, आणि गोव्यात पहिला संशय पाण्यावर घ्यावा.

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा आम्लधर्मी, त्यात कॅल्शियम जेमतेम. लिम्निया ॲक्युमिनाटा (जनावरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीची वाहक गोगलगाय) अशा पाण्यात जगते, पण शंख पातळ पडतो, टोक पांढरट होऊन झिजतं आणि अंडी घालणं मंदावतं. मग अर्क न घातलेल्या नियंत्रण भांड्यातच अंडी कमी. तुलना करणार कशाशी? किनाऱ्यावर सापडणारं समुद्रफेण (कटलफिशचं कॅल्शियमयुक्त हाड) दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहून मीठ काढून टाका आणि नखाएवढा तुकडा प्रत्येक भांड्यात ठेवा, नियंत्रणातही. सामू (pH) 7 ते 8 राहू द्या. नळाचं पाणी असेल तर उघड्या टबात हवा सोडत 24 ते 48 तास ठेवून क्लोरीन घालवा.

दुसरी चूक सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. या कुळातल्या गोगलगायी घाण पाण्यातून स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात टाकल्या की काही तासांत अंडी घालायला लागतात. लिम्निया स्टॅग्नालिसमध्ये हे नीट अभ्यासलं गेलंय: मेंदूजवळच्या कॉडोडॉर्सल पेशी अंडी घालायचं संप्रेरक सोडतात. तेव्हा अर्काची भांडी रोज बदलायची आणि नियंत्रणाची आठवत असेल तेव्हा, असं केलंत तर आकडे अर्काचे नसतात, पाणी बदलण्याचे असतात. सगळी भांडी एकाच वेळी बदला. शिवाय अर्क घालण्याआधी 7 दिवस रोजची अंडी मोजून ठेवा. या गोगलगायी उभयलिंगी असतात आणि मिळालेलं शुक्र साठवून ठेवतात. एकटी ठेवली तरी अंडी घालते, म्हणून ‘जोडीदार नाही, तरी अंडी कशी?’ यात अडकू नका.

मात्रा मारक नको. आधी 24 तासांची एलसी50 (म्हणजे तेवढ्या वेळात निम्म्या गोगलगायी मारणारी मात्रा) काढा आणि प्रजननाच्या चाचणीला तिच्या 20, 40 आणि 60 टक्के मात्रा घ्या. 3 लिटर पाण्यात एकाच आकाराच्या 20 गोगलगायी पुरतात. अंडी भांड्यामागे मोजू नका, दर जिवंत गोगलगायीमागे मोजा. शंखात आत ओढून बसलेली मेलेली नसते: सुईने पाऊल टोचा, आकसलं नाही तरच मृत धरा. मेलेली लगेच काढा, नाहीतर कुजलेलं पाणीच बाकीच्यांना मारतं.

अर्क करताना लसूण उकळू नका. त्यातलं परिणामकारक द्रव्य ॲलिसिन ठेचल्यावरच, विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तयार होतं, आणि उष्णतेने ते विकर मरतं. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात विघटतं, म्हणून अर्क दरवेळी ताजा करा. रिठ्याचं बी नको, फळाची साल वापरा. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर तेवढंच अल्कोहोल घातलेलं वेगळं नियंत्रण हवंच.

जात ओळखून घ्या. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा: तोंड उजवीकडे असेल तर लिम्निया, डावीकडे असेल तर बहुधा फायसा. चकतीसारखी वेटोळी दिसली तर इंडोप्लॅनॉर्बिस. अंड्यांवरूनही कळतं, लिम्नियाचा जेलीचा पुंजका लांबट असतो, इंडोप्लॅनॉर्बिसचा चपटा, गोलसर. शेतातल्या गोगलगायींत कृमींच्या अळ्या असतील तर त्यांचं प्रजनन आधीच खुंटलेलं असतं. एकेक गोगलगाय छोट्या ग्लासात प्रकाशाखाली काही तास ठेवा. पाण्यात शेपटीवाले बारीक जीव वळवळताना दिसले तर ती बाद करा. हातमोजे घाला, इंडोप्लॅनॉर्बिसमधल्या काही अळ्यांनी त्वचेला खाज सुटते. घरी वाढवलेली पुढची पिढी सगळ्यात बरी.

अंडी रोज वेगळ्या भांड्यात हलवा. अर्कात राहिलेल्या मातेची अंडी स्वच्छ पाण्यात फुटतात का, आणि स्वच्छ पाण्यात घातलेली अंडी अर्कात फुटतात का, हे दोन वेगळे प्रश्न; एकाच तक्त्यात घालू नका.

उरलेलं पाणी व्हाळात (ओढ्यात) किंवा मानशीजवळ (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) ओतू नका. रिठ्यातलं सॅपोनिन माशांचे कल्ले निकामी करतं. विहिरीपासून लांब, कोरड्या जमिनीवर ओता.